रुमालातून निसटलेला कागद

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर शुक्रवारचा बाजार भरतो तेव्हा फुटपाथवर चादरी पसरतात. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची पोस्टरं. आणि कधीमधी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, कडा कुरतडलेला, लांबट मोडी कागद. विकणाऱ्याला मोडी येत नाही, घेणाऱ्यालाही बहुधा येत नाही. तरी सौदा होतो, कारण तो शिक्क्यावर होतो. काळा गोल शिक्का असला की कागद राजाचा. नसला की नुसता जुना कागद.

घासाघीस करणाऱ्यांत उपनगरातले लोक बरेच दिसतात. अंधेरी-बोरिवलीचे ग्रँट रोडला उतरतात, घाटकोपर-मुलुंडचे सँडहर्स्ट रोडला. माल मात्र बऱ्याचदा त्यांच्याच बाजूने आलेला असतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या जुन्या सोसायट्या आणि चाळी पुनर्विकासाला निघाल्या, की आधी माळे रिकामे होतात. सातारा, वाई, पेण, राजापूर इथून आजोबा-पणजोबांनी आणलेली ट्रंक खाली येते. तिच्यात जुनी पंचांगं, कुंडल्या, कोर्टाचे निकाल आणि लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं असतं. नव्या फ्लॅटला माळा नसतो. रद्दीवाला सगळं एकाच काट्यावर तोलतो. त्याच्याकडून लॉट उचलणारा वेगळा, त्यातून शिक्क्याचे कागद निवडणारा आणखी वेगळा. पाकिटातला एक कागद चादरीवर येईपर्यंत त्याचे पंचवीस-तीस सोबती कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नाही.

जुन्या दरबारी पत्राच्या शोधाचा खरा विषय हे सोबती आहेत असं मला वाटतं. पत्र कुणाचं, यापेक्षा ते कुठल्या गाठोड्यातलं, हा प्रश्न मोठा आहे.

हे कागद घराघरांत एवढी वर्षं टिकले ते इतिहासप्रेमामुळे, ही आपली एक गोड समजूत आहे. टिकले ते भीतीमुळे. १८१८ मध्ये पेशवाई गेली. पुढे कंपनी सरकारने इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. इनाम, वतन, देवस्थानची जमीन, काहीही असो: सनद दाखवा, नाहीतर सारा भरा. दाखवलेली सनद खरी की खोटी हे पाहायला सरकारकडे पुण्यात जप्त केलेलं पेशव्यांचं दप्तर होतंच. हजारो रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेलं. पुण्यातल्या या कचेरीचं इंग्रजी नावच 'एलिनेशन ऑफिस' होतं. साऱ्यातून सुटलेल्या जमिनींचा हिशेब ठेवणारी कचेरी. राज्य गेल्यावर पेशव्यांच्या कागदांचा पहिला मोठा उपयोग झाला तो असा, त्यांच्याच इनामदारांच्या उलटतपासणीसाठी. त्या धास्तीने घरोघरी सनदा ट्रंकेत गेल्या, नकला झाल्या आणि काही नव्याने 'जुन्या'ही झाल्या.

मग १९५० च्या दशकात इनामं खालसा करणारे कायदे आले. मुंबईच्या उपनगरापुरता त्यातला महत्त्वाचा कायदा १९५१ चा, साष्टी इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा. त्याच सुमारास मोडी शाळेतून गेली. ज्या कागदावर जमीन उभी होती तो कागद एका पिढीत निरुपयोगी ठरला, आणि तो वाचू शकणारं माणूसही घरात उरलं नाही. एवढं झाल्यावर रद्दीवाल्याला दोष देण्यात काय अर्थ आहे?

कागदांची ही गत काही आजची नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यातली पत्रं वाईच्या एका जुन्या घराण्याच्या दप्तरातून आलेली. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपताकडे जाणाऱ्या वर्षांतली. त्यांत उत्तरेत महसूल वसूल करणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचा पत्रव्यवहार मोठा आहे. गोविंदपंत म्हणजे बखरींमधला तोंडी लावण्यापुरता माणूस. पत्रांत मात्र तो पैशाची जुळवाजुळव करताना, नद्यांचे उतार आणि फौजांच्या बातम्या कळवताना, वरून आलेल्या तगाद्याला उत्तरं देताना दिसतो. पानिपतची हकिकत तोवर बखरकारांच्या आणि परक्यांच्या तोंडून ऐकली जात होती. आता ती त्या मोहिमेतल्या माणसांच्या रोजच्या कागदांतून दिसू लागली.

यांतलं एकच पत्र सुटं सापडलं असतं तर? समजा, पैसे पाठवायला उशीर का झाला याची सबब सांगणारं एखादं. त्यावर शिक्का नाही, राजाचं नाव नाही, पराक्रमाचा शब्द नाही. बाजारात त्याला भाव आला नसता. राजवाड्यांना ते इतरांच्या रांगेत मिळालं म्हणून पुढच्या-मागच्या पत्रांनी त्याला अर्थ दिला. तारखा एकमेकींना जुळल्या. एकात मागितलेलं दुसऱ्यात पोहोचलेलं दिसलं. मोहिमेचा दाणागोटा कसा आटत गेला हे कुणा एका पत्रात लिहिलेलं नसतं, ते रांगेत दिसतं.

राजवाड्यांनी पुढे आयुष्यभर हेच केलं. पायी हिंडायचं, वाड्यांच्या ओसरीवर बसायचं, घरमालकाची मनधरणी करायची, दप्तर सोडायचं. त्या काळच्या संशोधकांनी सांगितलेल्या हकिकतींमधून जुने कागद वाण्याच्या पुड्यांना गेलेले, बंबात घातलेले, नदीत सोडलेले वारंवार भेटतात. मालक कागद दाखवायला तयार नसत, कारण इनाम कमिशनची आठवण ताजी होती. परका माणूस दप्तर मागतो म्हणजे जमीन जाणार, एवढं त्यांना ठाऊक. एकूण २२ खंड निघाले, निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या छापखान्यांतून. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं त्यात राजवाडे पुढे होते. मग भांडून बाहेरही पडले. स्वभाव तसाच होता. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले, आणि त्यांचे कागद सांभाळायला तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचे कितीतरी निष्कर्ष पुढच्यांनी खोडून काढले. छापलेली पत्रं कुणाला खोडता आली नाहीत.

दुसरी परंपरा संग्राहकांची. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस हे तिचे मेरुमणी. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या दप्तरातला मोठा भाग पारसनिसांच्या हाती आला. मेणवलीच्या घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७०७ साल कोरलेली, वसईच्या मोहिमेतून आलेली. चिमाजी आप्पाच्या मोहिमेची लूट आणि नानाच्या कारभाराचे कागद एकाच घाटावर, हा योगायोग मला फार आवडतो. मुंबईत शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी हे पारसनिसांचे जोडीदार. चित्रं, शस्त्रं, कागद, सगळ्यांचा षौक असलेले धनिक. पेशवे दप्तरातून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या कैफियती, यादी, सनदा आणि तहनामे १९०८ ते १९१४ या काळात मावजी-पारसनीस जोडीच्या संपादनाखाली छापून निघाले. मावजींचा कलासंग्रह १९१५ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमने, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने, विकत घेतला. पारसनिसांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. मन लावून, पैसा ओतून जमवलेल्या गोष्टी अशा संस्थेत पोहोचल्या तर वाचतात. नाहीतर संग्राहकाच्या पश्चात त्यांचा पुन्हा लॉट होतो.

आता उपनगरातल्या माणसाच्या हाती असा एक कागद आला, तर त्याचं करायचं काय? आधी तो वाचायचाच नाही, नुसता पाहायचा. कागदाच्या लांब पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या असतील तर पाठीमागे सांध्यांवर शिक्के आहेत का पाहायचं. मधला तुकडा बदलू नये म्हणून ते मारलेले असत. उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधायचं. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदात ते नसतं. जाळीच्या रेषा आणि लगद्याच्या गाठी दिसतात. विलायती कागदात ते असतं, आणि १७९४ नंतर इंग्लंडच्या गिरण्या जलचिन्हात साल घालू लागल्या. मजकुरातली तारीख १७७० ची आणि उजेडात १८०३ चा आकडा दिसला, तर तो कागद फार तर नक्कल आहे. इनाम कमिशनपुढे नेण्यासाठी केलेल्या नकलाही दीडशेहून जास्त वर्षं जुन्या असतात. पिवळेपणा म्हणूनच काही सिद्ध करत नाही.

मग अक्षर. बोरूच्या टाकाला जाड-बारीक वळण असतं, लोखंडी निब कागद खरवडते. आधी शिरोरेघ सबंध ओढून घेतलेली असते आणि तिच्याखाली अक्षरं हात न उचलता वाहत जातात. शिवकालीन मोडी, पेशवाईतली घोटीव मोडी आणि इंग्रजी अमदानीतली सैलावलेली मोडी डोळा सरावला की ओळखू येते. पेशवाईतही चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणं होती. मजकूर कारकुनाच्या हातचा असे. धन्याचा हात लागला तर शेवटच्या चार शब्दांना, आणि त्याखाली समाप्तीचा छोटा शिक्का, मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते', पेशव्यांच्या पत्रांत 'लेखनसीमा'. या शिक्क्याखाली आणखी मजकूर असेल तर तो नंतर घुसडला असं धरायचं. पाठीमागे 'सुरू', 'बार' असे कचेरीतले शेरे असतात. विकणारा त्यांना डाग समजतो. संशोधकाला ते शिक्क्याहून प्रिय, कारण हा कागद एका चालत्या कचेरीतून गेला याची खूण तेच देतात.

संबोधनावरून काळ आणि नातं दोन्ही कळतं. शिवकाळाच्या सुरुवातीची पत्रं 'कारकुनानि हाल व इस्तकबाल' यांना लिहिलेली, आदिलशाही वळणाची. राज्याभिषेकानंतर त्याच जागी 'देशाधिकारी व लेखक वर्तमान भावी' येतात. बरोबरीच्या सरदाराला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य', वडिलांना 'तीर्थरूप'. यात चूक होत नसे. दरबारात मानापमान हा राजकारणाचाच भाग होता. बनावट पत्र बनवणारा सापडतो तो इथेच. तो शिक्का हुबेहूब कोरतो आणि पाटलाला सरदाराचा किताब देऊन बसतो.

सगळ्यात गोडी आहे ती तारखेत. पेशवाई पत्रांत 'छ' या अक्षरानंतर चांद्र तारीख, मग मुसलमानी महिना, आणि साल सुहूर सनातलं, अरबी आकड्यांत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. पुढे अशर, इशरीन, सलासीन, अर्बैन. एकं आधी, दहं नंतर, मग 'मया व अलफ', म्हणजे अकराशे. हे साल सूर्य मृगात शिरला की, जूनच्या सुरुवातीला, बदलतं. पेरणीचं साल आणि वसुलीचं साल एकच, कुणब्याला आणि फडणिसाला दोघांनाही सोयीचं. इसवी सन काढायला जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते जून ६००. पानिपतचा जानेवारी १७६१ 'इहिदे सितैन मया व अलफ' या सालात पडतो: ११६१ अधिक ६००. कागदावर 'सवाल' महिना आणि 'खमस सबैन मया व अलफ' दिसलं, तर ११७५ अधिक ५९९, म्हणजे १७७४. आणि त्या साली सवाल डिसेंबरात येतो. नेमक्या दिवसासाठी मोडकांची जंत्री उघडायची. गणित एवढंच, पण ते जमलं की मोडी न येणाऱ्यालाही कागद एकदम बोलू लागतो.

मी डिसेंबर १७७४ मुद्दाम घेतला. त्या महिन्याच्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ वेसावेही घेतलं, आणि साष्टी बेट पेशव्यांच्या हातून गेलं. साष्टी म्हणजे आजचं मुंबई उपनगर, थोडं इकडेतिकडे. वेसावे, मरोळ, मालाड, कुर्ला, मुलुंड, घोडबंदर, सगळं त्यात. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पापुढे वसई पडली. ठाणं घेतल्यापासून १७७४ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, अंधेरीच्या आसपासच्या गावांचा सारा पेशवाईत जमा होत होता. मेट्रोच्या मरोळ नाका स्टेशनवर उतरणाऱ्या कुणाला हे कधी आठवत असेल असं वाटत नाही. वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढचा किल्ला उभा आहे, त्याचीही आठवण लोकांना राहते ती सिनेमाच्या शूटिंगमुळे.

या सदतीस वर्षांमुळे संशोधकाच्या हाती एक नामी कसोटी येते. साष्टीतल्या एखाद्या गावाबद्दलचा पेशवाई हुकूम 'सबा सलासीन' ते 'खमस सबैन' यांच्या दरम्यानचा हवा. मरोळची जमीन इनाम देणारी पेशव्यांची सनद 'समानीन'ची, म्हणजे १७७९-८० ची, असेल तर ती देणाऱ्याचं तिथे राज्यच नव्हतं. खाडीपलीकडच्या वसईला ही कसोटी लागू पडत नाही. साष्टी १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांकडे कायमची राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली. एकच शिक्का वसईच्या कागदावर खरा आणि मरोळच्या कागदावर खोटा ठरू शकतो.

कागदाचे सोबती शोधायला निघालं की आणखी एक गंमत कळते: साष्टीचा कागद साष्टीत नाही. मोहिमेची पत्रं पुण्यातल्या पेशवे दप्तरात. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडक पत्रांचे ४५ भाग काढले, त्यांत वसई मोहिमेची पत्रं स्वतंत्रपणे दिलेली आहेत. जदुनाथ सरकारांनी पाठपुरावा केला नसता तर ते दप्तर हिंदी संशोधकांना उघडलं असतं की नाही, शंकाच. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना आलेली मोहिमेची वार्ता साताऱ्याजवळच्या धावडशीच्या कागदांत. ती पारसनिसांनी छापली. हरणाऱ्यांची बाजू पणजीच्या पुराभिलेखागारात, जिथे पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयात घालवली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचे कागद उजेडात आणले. तिसरी बाजू फोर्टात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात मुंबई सरकारचे दस्त आहेत. वसई पडल्यावर मुंबईकर इंग्रज घाबरले होते. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पाकडे गेला आणि १२ जुलै १७३९ ला तह करून आला, तर कॅप्टन गॉर्डनला शाहू महाराजांकडे साताऱ्याला धाडलं. आपण आपल्या पत्रात एक ओळ वाचतो, की इंग्रजांचा वकील येऊन गेला. तीच भेट दुसऱ्या बाजूने इंचबर्डच्या अहवालात इंग्रजीत पडलेली असते. दोन्ही समोर ठेवल्यावर कोण फुशारकी मारतो आहे ते दिसतं. बहुधा दोघेही.

महसुली कागदांचा माग काढायचा तर ठाण्याला जावं लागतं. आजचं उपनगर १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा पहिला मुंबई उपनगर जिल्हा झाला. मुलुंड आणि बोरिवली बृहन्मुंबईत आली ती १९५७ मध्ये. सध्याचा उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० चा. हद्दी हलत राहिल्या, कागद मागच्या मागच्या कचेरीत राहून गेले. मुलुंडच्या गावठाणातल्या जुन्या घराचा कागद शोधणाऱ्याने वांद्र्याच्या कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मोडी वाचणाऱ्यांची मागणी सध्या कधी नव्हे एवढी आहे, आणि तिचं कारण इतिहास नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील, शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालयांची जुनी मोडी दप्तरं उघडली गेली, आणि पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं जाहीर झालं. ज्या लिपीला 'शिकून काय करणार' म्हणत होते तिच्या जाणकारांच्या दारात रांगा लागल्या. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग पूर्वीपासून चालतात. तिथे आता जातीचा दाखला आणि जमिनीचा दावा घेऊन येणारेही बसू लागले. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीने दोन हजारांवर कागदांच्या छायाचित्रांवर शिकवलेली, मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकप्रणाली जाहीर केली. ती अक्षरं लावील. 'बार' म्हणजे काय आणि ते पाठीवर का आहे, हे सांगायला माणूसच लागेल, निदान काही वर्षं तरी.

मागणीबरोबर बनावटगिरीही वाढते. उपनगरातल्या जमिनीचा भाव पाहता इथे ती जास्तच. पण बाजारातल्या खोट्यांचा मोठा वाटा जमिनीसाठी नसतो, भक्तीसाठी असतो. 'शिवाजीमहाराजांचं पत्र' म्हणून दाखवला जाणारा कागद फारच क्वचित तसा निघतो. ते कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारा दुखावतो, आणि सांगणाराच देशद्रोही ठरतो. महाराजांच्या प्रेमापोटी महाराजांच्या नावाने खोटे कागद जपणं हा काही त्यांचा सन्मान नव्हे. खऱ्या पत्रांत मिठाच्या जकातीपासून भाजीच्या देठापर्यंत लक्ष घालणारा राजा दिसतो. खोट्यांत दिसतो तो नाटकातला.

भक्तीहून जास्त नुकसान करते ती कात्री. संस्थानी मुद्रांक आणि कोर्ट फी तिकिटं जमवणारे हौशी जगभर आहेत. बडोदा, कोल्हापूर, सांगली, जव्हार, भोर. प्रत्येक संस्थानाचं तिकीट वेगळं. कागदापेक्षा तिकीट सुटसुटीत, म्हणून ते कापून घेतात आणि उरलेला मजकूर रद्दीत जातो. चौकोनी भोक पडलेले असे कागद बाजारात पाहायला मिळतात. भोकाच्या मागच्या बाजूला नेमकी तारीख असते.

कायदाही ठाऊक असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इतर वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, तर ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला पंचाहत्तरच. नोंदणीची सक्ती चित्रं असलेल्या हस्तलिखितांना आहे, साध्या मोडी पत्राला नाही. पण देशाबाहेर नेणं खाजगी माणसाला मना आहे. सरकारी दप्तराचा शेरा असलेला कागद फुटपाथवर दिसला तर तो तिथे कसा आला, हा प्रश्न विकणाऱ्याला अवघड वाटला तरी विचारावा.

घरी आणल्यावर लॅमिनेशन करू नये. सेलोटेप लावू नये. काजळाची शाई दोनशे वर्षं फिकी पडत नाही, पण ओल्या फडक्याने पुसली जाते. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, पाठ कोरी वाटली तरी. कुठल्या बाजारात, कुठल्या लॉटमधून, बरोबर आणखी काय होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि त्या लॉटमधले बिनशिक्क्याचे कागदही उचलावेत. ते स्वस्त असतात आणि मधल्या कागदाची चावी बहुधा त्यांच्यातच असते.

उपनगरातल्या माळ्यांवरून पेशवाईचा कागद खाली येण्यापेक्षा कंपनीच्या अमदानीतला मोडी कागद येण्याचा संभव जास्त. १७७४ नंतर साहेब बदलला, गावकामगारांची लिपी बदलली नाही. गावचे हिशेब, कबुलायती, गहाणखतं, भाटांच्या आणि खाजणांच्या वाटण्या एकोणिसावं शतकभर मोडीतच चालल्या. याच काळात साष्टीतली गावंच्या गावं पारशी शेटजींना खोतीने दिली गेली. पवई १८२९ मध्ये फ्रामजी कावसजींकडे गेली. खोताने गवताचा, ताडाचा, मिठागरांचा हक्क सांगितला की गावकरी अर्ज करीत, आणि अर्जाबरोबर पेशवाईतल्या वहिवाटीचा दाखला जोडीत. म्हणजे शिक्क्याच्या ज्या कागदाचे आपण बाजारात पैसे मोजतो, त्याच कागदाची नक्कल अशा एखाद्या बिनशिक्क्याच्या अर्जाला टाचलेली असू शकते, आणि खाली सह्या नसतात. नांगराच्या, कोयत्याच्या, होडीच्या निशाण्या असतात, त्यांच्यापुढे कारकुनाने लिहिलेली कोळ्यांची, कुणब्यांची, आगऱ्यांची नावं.